बिनलसणाचं घर

आमच्या सरांच्या घरात लसूण नव्हता. कांदा होता, जवसाची चटणी होती, काकूंच्या हातची येसराची आमटी होती, पण लसणाची एक पाकळी त्या उंबऱ्याच्या आत यायची नाही. बीड जिल्ह्यात हे अजबच. मी पाटोद्याची. आमच्याकडे पोरीला चहा करता आला नाही तरी भागतं, ठेचा आला पाहिजे, आणि ज्यात लसूण नाही तो ठेचा नव्हे, नुसती शिक्षा. अंबाजोगाईला शिकायला गेल्यावर सरांच्या घरी पहिल्यांदा जेवले तेव्हा वाटलं, हे गळ्यात लिंग घालणारे, रोज शिवपूजा करणारे लोक, काहीतरी सोवळं असेल. तसं मी काकूंना विचारलंही.

"सोवळं कसलं आलंय बाई," काकू म्हणाल्या. "देवाला चालतोय लसूण. ह्यांच्या बाटल्यांना चालत न्हाई."

बाटल्या म्हणजे सरांचे फ्लास्क. सर आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात यीस्टला विष पाजायचे. हे शब्द त्यांचेच. कोणी पाहुण्यानं मोठ्या आदरानं "काय संशोधन चाललंय?" असं विचारलं की ते शांतपणे सांगायचे, "विष पाजतो." पाहुणा पुढचं काही विचारत नसे, आणि समोरचा चहाही जरा जपून पीत असे.

विषाचं नाव सेलेनाइट. दिसायला मिठासारखं पांढरं, पण माणसाच्या पोटात गेलं तर जिवावर बेततं. यीस्ट म्हणजे पाव फुगवतं, उसाचा रस आंबवतं तेच. त्याच्या इवल्याशा पेशीत हे विष शिरलं की पेशी एकतर मरते, नाहीतर विषाचे निरुपद्रवी लाल कण करून आपल्याच पोटात ठेवून देते. असं झालं की पांढरी वाढ लाल होऊ लागते, आणि विषाचा थोडा अंश वायू होऊन बाहेर पडतो त्याचा लसणासारखा बारीक वास येतो. सरांचा भरवसा वासावर. "रंग फसवतोय," ते म्हणायचे. "यीस्टमधी जात्याच गुलाबी असलेली असतेत, लाल जंतू येगळेच. वास फसवत न्हाई." तो वास टिपायचा तर नाक कोरं पाहिजे, आणि नाक कोरं राहायचं तर घरात लसूण नको. मामला इतका सरळ होता.

घरापुरतं असतं तर काकूंनी सोसलंच होतं. पण प्रयोगशाळेच्या दारात सर आम्हालाही अडवायचे. "काय खाल्लं?" उत्तर खरं द्यावं लागे, कारण ते न देताही त्यांना कळे. लसूण असेल तर दोनच शब्द: "बाहेर थांब." किती वेळ ते सांगत नसत, कारण पुढच्या क्षणी ते स्वतःच विसरून जात. मेसमध्ये ठेचा असला की आठातले पाच जण व्हरांड्यात उभे असत. एकदा बाहेरगावचे परीक्षक आले. सरांनी त्यांना नमस्कार केला, एक श्वास घेतला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "आपण जरा बाहेर थांबता का?" त्या गृहस्थांनी आमची तोंडी परीक्षा व्हरांड्यातच घेतली. त्या वर्षीचे आमचे मार्क व्हरांड्याच्या लायकीचेच होते.

सेलेनियमच्या आधी ते टेल्युरियमवर काम करत होते असं काकू सांगायच्या. ते सेलेनियमचंच भावंड. त्याच्या विषानं यीस्ट लाल न होता काळं पडतं. पण कुठंतरी हलगर्जीपणा झाला, कणभर टेल्युरियम सरांच्या अंगात गेलं, आणि शरीरानंही यीस्टचीच युक्ती केली. महिनाभर सरांच्या श्वासाला लसणाचा भपका. काकूंना हे शास्त्र कुठलं माहीत? त्यांनी चार दिवस नुसतं पाहिलं आणि पाचव्या दिवशी ताट आपटून विचारलं, "घरात बंदी, अन् बाहेर धाब्यावर ठेचा हाणता व्हय?" सरांनी फळ्यावर लिहून समजावलं म्हणे. काकूंना ते आजही पटलेलं नाही.

शिकवताना मात्र हा माणूस वेगळाच व्हायचा. पुस्तकातला 'क्षपण' हा शब्द त्यांना आवडत नसे. ते म्हणायचे, "वाढणं म्हणा. पंगतीत वाढतेत तसं. हे सेलेनाइट म्हणजे उपाशी दरोडेखोर. यीस्ट त्याला वळखत न्हाई, फॉस्फेट समजून घरात घेतं. हितं चुकलं. आता काय करावं? त्याला पळता येत न्हाई, लढता येत न्हाई. मग ते पान मांडतं अन् एकेक इलेक्ट्रॉन वाढतं. चार वाढले की गडी जागच्या जागी आडवा. मग तो लाल खडा, कुणाचं वाकडं करत न्हाई." इथं ते थांबायचे. "पण वाढायला धान्य कुणाचं? घरचंच. ग्लुटाथायोन नावाची कणगी असती पेशीत, ती रिकामी होती. म्हणून असलं यीस्ट जगतं, पण हळू वाढतं." पुढं नोकरीला लागल्यावर मी कितीतरी पुस्तकं पाहिली. यापेक्षा नीट कुणी सांगितलेलं मला सापडलं नाही.

त्यांना यीस्ट हवं असायचं ते दुकानातलं नव्हे, रानातलं. आमच्या बालाघाटाच्या डोंगरांत सीताफळं माजतात, आणि पिकून फुटलेल्या सीताफळावर यीस्ट हमखास असतं. म्हणून दसऱ्याच्या आगेमागे सर रोज बाजारात जायचे आणि सडकी सीताफळं मागायचे. अमीनाबी नावाची म्हातारी टोपली घेऊन बसायची, ती त्यांच्यासाठी राखून ठेवी.

"सर, आज लई नासकी निघाली. तुमच्यासाठी बाजूला ठिवली हाईत," ती मोठ्यानं सांगायची, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं. "पन मी म्हन्ते, एखांदी चांगली बी न्या की. घरवालीला काय सांगता?"

एका विद्यार्थ्याच्या वडलांनी हे पाहिलं आणि त्यांना भरून आलं. मास्तरवर काय ही वेळ. त्यांनी दुसऱ्या दिवशी निवडक सीताफळांची पेटी सरांच्या घरी पाठवली. सरांनी आभार मानले आणि पेटी सडेपर्यंत माळ्यावर ठेवली.

सर यीस्टला आकडे देत नसत. ज्यानं फळ दिलं त्याचं नाव देत. त्यामुळे आमच्या वह्यांत 'धारूरवाले', 'बसस्टँड', 'काकूंचे भाऊ' अशी यीस्टं होती. त्यांतलं एक 'अमीनाबी'. विषाचा डोस वाढवला की बाकीची मान टाकायची. अमीनाबी फिकट नारिंगी व्हायची आणि वाढत राहायची. सरांचा पीएच.डी.चा प्रबंध अकरा वर्षं रखडला होता, आणि विद्यापीठानं आता शेवटची मुदत दिली होती. सगळ्यांत मोठ्या डोसावर अमीनाबी तगली की शेवटचं प्रकरण पुरं होणार होतं. काकूंनी तर नावाआधी 'डॉ.' असलेली लाकडी पाटी रंगवून घेतली होती आणि ट्रंकेत साड्यांखाली दडवली होती. मला एकदा हळूच दाखवली.

आता ते सांगते, जे मी फार वर्षं कुणाला सांगितलं नाही.

नवरात्र होतं. माझे नऊ दिवसांचे उपास, काकू रोज घरून फराळाचा डबा पाठवायच्या. सरांनी त्या सगळ्यांत मोठ्या डोसाच्या सहा प्लेट्सवर अमीनाबी पेरली आणि त्या उबेच्या कपाटात, इनक्युबेटरमध्ये ठेवल्या. फ्रीज महिनाभर बंद पडलेला, म्हणून अमीनाबीच्या बियाणं म्हणून जपलेल्या सगळ्या नळ्याही त्याच ट्रेमध्ये होत्या. त्याच दुपारी दिंद्रुडहून निरोप आला, थोरल्या भावाच्या छातीत दुखतंय. सर निघाले. किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "काही करू नको. नुसतं चालू हाय का बघ."

तिसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात एकच धावपळ. तपासणी समिती दुपारी येणार, विभाग चकाचक करा. मी तेव्हा फार हुशार होते. नको तेवढी. इनक्युबेटर उघडला आणि पाहिलं तर सहाही प्लेट्स लाल. असा लाल मी त्या प्रयोगशाळेत कधी पाहिला नव्हता. अमीनाबी फिकट नारिंगी असते हे मला पाठ होतं, डोस वाढला की रंगही गडद होणार हे सुचलं नाही, आणि पहिल्याच वर्षी सरांनीच शिकवलं होतं: "भडक लाल दिसलं की घुसखोर समजा. झाकण उघडू नका, सरळ ऑटोक्लेव्हला लावा." मला वाटलं, बाहेरचा जंतू घुसलाय, सगळा ट्रे बाटलाय, समितीपुढं सरांची लाज जाईल. मी प्लेट्स आणि नळ्या, सगळं बादलीत घालून ऑटोक्लेव्हमध्ये लावलं. वाफेच्या दाबाखाली जे जातं ते जिवंत परत येत नाही. ते यंत्र असतंच त्यासाठी.

वेळ झाल्यावर झाकण उघडलं, आणि वाफेबरोबर वास आला. लसणाचा.

 मी तशीच झाकणाला धरून उभी होते आणि दारातून सर आत आले, हातात प्रवासाची पिशवी. भाऊ बरे होते. सरांनी एक श्वास घेतला. चेहरा एकदम उजळला, आणि नजर इनक्युबेटरकडे गेली. मग माझ्याकडे आली.

"वास कशाचा येतोय?"

मला खरं सांगता आलं असतं. जीभ वळली ती भलत्याच बाजूला. "माझ्या तोंडाला येत असेल सर. ठेचा खाल्ला."

"ठेचा."

"हो सर."

त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "बाहेर थांब."

मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. खिडकीतून दिसत होतं. ते ऑटोक्लेव्हपाशी गुडघ्यांवर बसले, बादलीवर वाकले आणि तसेच राहिले. वितळून एक झालेल्या तपकिरी लगद्यात बघण्यासारखं काही नव्हतं. ते बघत नव्हतेच, वास घेत होते. दुपारी विभागप्रमुखांनी विचारलं, "तुमच्या त्या प्लेट्स कुठायत? समितीला दाखवायच्या ना?" सर म्हणाले, "मीच काढल्या. जुन्या झालत्या." संध्याकाळ झाली तरी त्यांनी मला आत बोलावलं नाही. मी वसतिगृहावर गेले आणि उशीत तोंड खुपसून रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखं शिकवलं.

मुदत उलटून गेली. सर शेवटपर्यंत सरच राहिले, डॉक्टर झाले नाहीत. पुढच्या तीन हंगामांत, मी तिथंच तात्पुरती शिकवत होते तोवर, दर रविवारी आम्ही डोंगर धुंडाळले. सर, काकू आणि मी. अमीनाबीला तरी काय ठाऊक, कुठल्या उतारावरच्या झाडाचं फळ कुठल्या टोपलीतून तिच्यापर्यंत आलं होतं. काकू चांगली सीताफळं पिशवीत भरायच्या, सर फुटकी. मी मागून चालायचे आणि दर रविवारी ठरवायचे, आज सांगायचं. परतताना एसटीत सर खिडकीला डोकं टेकून झोपलेले असत. झोपलेल्या माणसाला कसं उठवायचं, असं म्हणून मी स्वतःला सोडून द्यायचे. अमीनाबी पुन्हा सापडली नाही. पुढं बाजारातली अमीनाबीही दिसेनाशी झाली.

मला पाटोद्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली. सर निवृत्त होऊन दिंद्रुडला गेले. दिवाळीला फोन व्हायचा. मध्यंतरीच्या साथीत सर आजारी पडल्याचं कळलं, मग बरे झाल्याचं कळलं. आणि गेल्या सीताफळांच्या दिवसांत काकूंचा फोन आला. "येऊन जा. हे तुझीच आठवण काढतेत. म्हन्ते, तिचंच नाक पाहिजे."

मी दिंद्रुडला गेले. थोरल्या भावानं आपल्या किराणा दुकानामागची एक खोली सरांना दिली आहे. शेंगदाण्याच्या आणि तुरीच्या पोत्यांना लागून टेबल, त्यावर चार फ्लास्क. विष मात्र कुलूप लावलेल्या लोखंडी कपाटात, किल्ली गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्यातच अडकवलेली. कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपावर एक लाकडी पाटी पालथी झाकलेली होती. ती कसली, हे मला न उलथवताच कळलं.

आणि घरभर लसणाचा खमंग वास. स्वयंपाकघरात काकू फोडणी देत होत्या. मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्या तापात वास गेला त्यांचा, बाई. परत आलाच न्हाई. आता काय बी घातलं तरी कळत न्हाई त्यांना." एवढी वर्षं ज्या लसणासाठी भांडल्या, तो आता खुशाल घालता येत होता, आणि त्यांना रडू येत होतं.

सरांनी दोन फ्लास्क माझ्या हातात दिले. "एकात सेलेनाइट हाय, दुसरा बिनविषाचा, जोडीला. डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय, मला दोन्ही सारखेच दिसतेत. डोंगरातनं आणलेल्या सीताफळाचं हाय. आकारावरनं अमीनाबीच वाटती." मग स्वयंपाकघराकडं बोट करून, "हिला विचारलं तर ही म्हन्ती, येतोय वास, येतोय. माझं मन राखती. पुतण्या बी तेच. मला मन राखणारं नाक नको. हितं फोडणीचा वास असंल तर अंगणात जाऊन बघ."

मी अंगणात गेले. दोन्ही फ्लास्क गुलाबी होते, अगदी सारखे. म्हणजे ते यीस्ट जात्याच गुलाबी होतं, विषाचा त्यात काही हात नव्हता. तरी मी झाकणाचा कापूस सैल केला आणि त्यांनी शिकवल्यासारखं तोंडावरून हातानं वारा घेतला. आता आम्ही मुलांना एवढंही करू देत नाही. आंबूस, गोडसर वास. पिकल्या सीताफळाचा. लसूण नव्हता.

'येतोय' म्हटलं असतं तर म्हातारा माणूस त्या रात्री सुखानं झोपला असता. एकदा त्यांचं सगळं घालवून वर मी लसणावरून खोटंही बोलले होते. दुसऱ्यांदा, चांगल्या हेतूनं का होईना, तेच करायचं माझ्या जिवावर आलं. मी खोलीच्या दारात येऊन उभी राहिले.

"नाही सर. वास नाही. दोन्ही सारखेच गुलाबी आहेत."

त्यांनी मान हलवली. वहीत लिहिलं: वास नाही. लिहून होईतो मी थांबले, आणि मग इतकी वर्षं अडलेलं तोंडातून बाहेर पडलं. "सर, त्या दिवशी मी ठेचा खाल्ला नव्हता. तो वास प्लेट्सचा होता. मीच लावल्या होत्या ऑटोक्लेव्हला. घुसखोर समजून."

"माहीत हाय," सर म्हणाले.

"माहीत आहे?"

"नवरात्र व्हतं. नऊ दिवस तुझा डबा आमच्याच घरनं येत व्हता. भगर अन् दाण्याची आमटी. उपासाला कोण ठेचा खातं?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "अन् फ्लास्कातला लसूण कुठला, तोंडातला कुठला, एवढं कळत नव्हतं व्हय मला तवा?"

"मग बोलला का नाही सर?"

"मला वाटलं, सांगशील उद्या. मग वाटलं, परवा. डोंगरात वाटलं, आज सांगती. एसटीत झोपेचं सोंग घेऊन पडायचो मी, म्हन्लं समोरासमोर जमत नसंल तर बाजूनं तरी सांगंल. तू बी काय बोलली न्हाई अन् मी बी." त्यांनी वही मिटली. "राग लई आलता. खोटं कशाला सांगू. अकरा वर्षं व्हती ती. पण तुला म्हन्लो असतो तर तू हे शास्त्रच सोडून गेली असती. ते मला नको व्हतं."

मी दारातच उभी होते. फ्लास्क हातात तसेच. माझ्यानं डोळे पुसवत नव्हते.

"कावून बाहेर थांबलीस?" सर म्हणाले. "आत ये."

मी आत गेले, फ्लास्क टेबलावर ठेवले. सरांनी कपाट उघडून तळातून एक जुनी वही काढली, कडा उंदरांनी कुरतडलेली. एक पान त्यांना शोधावं लागलं नाही, वही तिथंच उघडली. वर त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: अमीनाबी, सहा प्लेटा, शेवटचा डोस. खाली 'निरीक्षण' असा शब्द, त्याखाली रेघ, आणि बाकीचं अख्खं पान कोरं.

"तो रंग मी कधी बघितलाच न्हाई," ते म्हणाले. "नुसता वास घेतला. बघणारी तू एकटीच हायस." त्यांनी पेन उघडलं आणि वहीवर वाकले. "सांग आता. लाल कसा व्हता?"

"विटेसारखा सर," मी म्हणाले. "भट्टीतून नुकत्या काढलेल्या विटेसारखा. कडेला जरा फिका, मधे गडद. सहाही प्लेट्सवर."

"हळू सांग," सर म्हणाले. "लिहू दे."